कावागुचीत दाढ ठणकली तर? ठाण्याहून निघण्याआधीची आणि तिथली तयारी

घोडबंदरवासी
नमस्कार मंडळी. कंपनीतर्फे दीड वर्षासाठी जपानला जायचंय, निघायला पाच आठवडे आहेत. राहायचं सैतामातल्या कावागुचीला, म्हणजे तोक्योच्या उत्तरेला लागूनच. बरोबर पत्नी आणि सात वर्षांची मुलगी. जपानी भाषा शून्य.
प्रश्न दोन. एक, इथून दातांचं काय उरकून आणि कोणते कागद घेऊन निघायचं? दोन, तिथल्या उपनगरातल्या साध्या दवाखान्यात, जिथे इंग्रजीचा पत्ता नाही, आत शिरल्यापासून पैसे भरेपर्यंत काय होतं? तोक्योत इंग्रजी बोलणारे डेंटिस्ट आहेत हे माहीत आहे, पण दर वेळी अर्धा दिवस रजा टाकणं जमणार नाही. घराजवळचाच हवा.
सध्याची स्थिती: माझ्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल अर्धवट, पत्नीला एक इम्प्लांट.

नौपाडा_दंतवैद्य
अर्धवट रूट कॅनल घेऊन विमानात बसू नका. आत औषध ठेवून वर जे तात्पुरतं सिमेंट लावतात, ते दोनतीन आठवड्यांच्या बोलीवर असतं. झिजलं की लाळ आत शिरते आणि केलेलं सगळं फुकट जातं. शिवाय मुळाशी संसर्ग किंवा बंद पोकळी राहिली असेल तर केबिनमधला दाब बदलताना ती दाढ अशी काही ठणकते की विचारू नका.

पाच आठवडे पुरेसे आहेत, पण क्रम नीट लावा. याच आठवड्यात ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढा, दोन्ही जबडे एका फोटोत येतात. दातांच्या मधल्या फटीतली कीड त्यात नीट दिसत नाही, त्यासाठी दोन्ही बाजूंचे बाइटविंग (दातांत धरून काढायचे छोटे एक्स-रे) वेगळे मागा. त्यानंतरच्या दीडदोन आठवड्यांत रूट कॅनल संपवून कोअर, म्हणजे कॅपखालचा पक्का भराव, भरा. मग कॅपसाठी दाढ घासून माप. लॅब चारसहा दिवस घेते, बसवल्यावर चावा एकदा तरी परत तपासावा लागतो. म्हणजे चौथा आठवडा उजाडला. अक्कलदाढ काढायची असेल तर निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी. वरची मागची दाढ सायनसला लागून असते, तिला अगदी शेवटी हात लावू नये.

आता कागद. "आरसीटी डन" (रूट कॅनल झालं) एवढं लिहिलेली चिठ्ठी तिकडे रद्दी आहे. एक ए-फोर कागद करून घ्या, छापील, इंग्रजीत. तुमच्या दाढेपुरता त्यातला मजकूर असा असावा:

दात ४६. रूट कॅनल पूर्ण, तारीख. लांबी: एमबी २०, एमएल २०, डी २१ मिमी (ही मुळांतल्या नळ्यांची नावं; आकडे उदाहरणादाखल, तुमचे डॉक्टरांकडून घ्या). शेवटची फाइल (नळी साफ करायची बारीक सुई) कितीची. भरलंय गटापर्चाने (रबरासारखा पदार्थ). कोअर कशाचा, कॅप झिर्कोनियाची की मेटल-सिरॅमिकची.

सोबत आधीचा आणि नंतरचा छोटा एक्स-रे. आरव्हीजी (डिजिटल एक्स-रे) असेल तर जेपेग मागून मेलवर ठेवा. फाइलच्या नावात दाताचा नंबर आणि तारीख टाका, "न्यू इमेज सात" असं नाव ठेवून उपयोग नाही.

पामबीच_रोड
+१. पण हा ४६ काय प्रकार आहे? तोंडात दात बत्तीसच ना?

नौपाडा_दंतवैद्य
बत्तीसच. पहिला आकडा तोंडाचा चतुर्थांश सांगतो: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा पुढच्या मधल्या दातापासून मोजायचा, १ ते ८. तेव्हा ४६ म्हणजे खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ आणि चारही अक्कलदाढा १८, २८, ३८, ४८. दुधाच्या दातांना ५ ते ८ हे चतुर्थांश. उजवं-डावं नेहमी रुग्णाचं स्वतःचं. आरशात बघून बोट दाखवलं की इथेच घोळ होतो, एक्स-रेमध्येही समोरच्याची डावी बाजू तुमच्या उजवीकडे येते.

अवांतर, पण महत्त्वाचं: अमेरिकेत दात १ ते ३२ असे सलग मोजतात. तिथे ४६ नंबरच नाही, तीच दाढ ३०. खरा धोका दोन्हीकडे असणाऱ्या आकड्यांचा. आपल्या कागदावरची १८ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ, अमेरिकेत १८ म्हणजे खालची डावी दुसरी मोठी दाढ. म्हणून नंबरासोबत एक ओळ शब्दांतही लिहायची.

जपानीमास्तर
जपानपुरतं सोपं आहे. तिथे बोलताना "मिगि शिता रोकुबान" म्हणतात, म्हणजे उजवी, खालची, सहावी. तुमच्या ४६ मधला सहा तोच. मिगि उजवं, हिदारि डावं, उए वरचं, शिता खालचं. एवढे चार शब्द आणि एक ते आठ आकडे आले की दातावर बोट ठेवायचीही गरज नाही. दुधाच्या दातांना मात्र ते ए ते ई अशी अक्षरं वापरतात. मुलीच्या फाइलीत ७५ लिहिलं असेल तर तिथे तो "हिदारि शिता ई".

कासाईकर
(आयडी निशि-कासाईवरून. तोक्योच्या एदोगावा वॉर्डातली ती भारतीय वस्ती. कावागुचीहून दूर पडेल, पण पद्धत सगळीकडे तीच.)

आधी विमा, कारण खर्चाचं सगळं गणित त्यावर. तीन महिन्यांहून जास्त मुक्काम असेल तर तिथल्या आरोग्य विम्यात नाव लागतंच. नोकरी जपानी कंपनीच्या पगारावर असेल तर कंपनीतर्फे, नाहीतर पत्ता नोंदवल्यावर १४ दिवसांत नगरपालिका कार्यालयात जाऊन राष्ट्रीय विमा. दातांचं बहुतेक नेहमीचं काम त्यात बसतं आणि तुम्ही ३० टक्के भरता. मुलांसाठी पालिका वेगळी सवलत देते, तिचं प्रमाणपत्र त्याच खिडकीवर मागा. प्लास्टिकचं जुनं विमा कार्ड २ डिसेंबर २०२४ पासून नव्याने देणं बंद झालंय. आता माय नंबर कार्ड (तिथलं ओळखपत्र) विम्याला जोडतात, ते नसेल तर "शिकाकु काकुनिन्शो" नावाचा दाखला मिळतो. दोन्हींपैकी काहीच नाही दाखवलं तर १०० टक्के.

भारतातून काढलेला प्रवास विमा या कामाचा नाही. त्यात दाताचं कलम बहुधा "अचानक उठलेली वेदना शमवणे" एवढंच आणि तेही ठरावीक रकमेपर्यंत. कॅप वगैरे त्यात येत नाही. पॉलिसी उघडून ते एक कलम वाचाच.

आता दवाखाना. बऱ्याच ठिकाणी दारातच बूट काढून त्यांच्या सपाता घालायच्या. मोजे धड असू द्या! काउंटरवर कार्ड. कार्ड रीडर चेहरा ओळखतो किंवा चार आकडी पिन मागतो. मग हातात "मोन्शिन्ह्यो" येतो, प्रश्नावलीचा कागद. पहिल्या भेटीला पंधरा मिनिटं आधी पोचा ते यासाठी. कानागावाच्या आंतरराष्ट्रीय फाउंडेशनने वेगवेगळ्या भाषांतल्या प्रश्नावल्या जालावर ठेवल्यात, त्यात दंतविभागाचीही आहे. एका रकान्यात इंग्रजी, शेजारी जपानी. घरीच भरून न्या, काउंटरवरच्या बाईंचा जीव भांड्यात पडतो.

त्या कागदात हमखास अडणाऱ्या दोन जागा. जन्मसाल बरेचदा त्यांच्या कालगणनेत मागतात. १९८९ पासूनच्या सालातून १९८८ वजा करा, आलं हेइसेइ. त्याआधीच्या सालातून १९२५ वजा करा, आलं शोवा. म्हणजे १९९१ हे हेइसेइ ३ आणि १९८५ हे शोवा ६०. मुलीचा जन्म १ मे २०१९ किंवा नंतरचा असेल तर साल रेइवामध्ये, २०१९ हे पहिलं, म्हणून २०१८ वजा करायचे; त्याआधीचा असेल तर हेइसेइच. दुसरी जागा नावाची. आपलं नाव-वडिलांचं नाव-आडनाव जसं रेसिडन्स कार्डावर छापलंय तसंच सगळीकडे हवं. कुलकर्णींना "कुरुकारुनि-सामा" अशी हाक येईल. आपलं आडनाव त्यांच्या उच्चारात कसं ऐकू येतं ते आधी माहीत करून घ्या, नाहीतर वेटिंग रूममध्ये बसून राहाल आणि नंबर पुढे जाईल.

जपानीमास्तर
कागदावर एक प्रश्न नक्की असतो: विम्यात बसेल तेवढंच करायचं की विम्याबाहेरचंही चालेल? विम्यातलं "होकेन", स्वखर्चाचं "जिहि". शंका असेल तर "होकेन दे ओनेगाइ शिमास" म्हणा आणि त्याच चौकोनात खूण करा. पैशाच्या बाबतीत यापेक्षा मोलाचं वाक्य नाही.

कासाईकर
होय, आणि त्याचा अर्थ समजून घ्या. होकेनमध्ये दाढेवरची ठरलेली कॅप म्हणजे चांदीसारखी दिसणारी. मिश्रधातू असतो: १२ टक्के सोनं, २० टक्के पॅलॅडियम, बाकी मुख्यतः चांदी. पांढरी रेझिनची कॅप काही दातांना, काही अटींवर विम्यात मिळते. झिर्कोनिया मात्र जिहि, एका दाताला लाख येनच्या आसपास आकडा ऐकायची तयारी ठेवा. नौपाडा डॉक्टर म्हणतात ते त्यासाठीच बरोबर आहे, कॅप ठाण्यातच बसवून जा.

दर सगळीकडे सारखे, गुणांवर ठरतात. एक गुण म्हणजे १० येन. २०२४ च्या दरपत्रकात पहिल्या भेटीची फी २६७ गुण, म्हणजे २६७० येन, तुमचा वाटा ८००. पूर्ण जबड्याचा एक्स-रे साधारण ४०० गुण, तुमचे १२००. तपासणी, एक्स-रे, हिरड्यांचं मोजमाप धरून पहिल्या दिवशी तीनचार हजार येन लागतात. छोट्या दवाखान्यांत क्रेडिट कार्ड चालेलच असं नाही, दहा हजाराची नोट खिशात असू द्या.

ऐरोली_कट्टा
पण तिथे साध्या सफाईलाही तीन खेपा घालायला लावतात अशी सगळ्यांची तक्रार असते. आपल्याकडे अर्ध्या तासात स्केलिंग उरकतात.

नौपाडा_दंतवैद्य
पैसे उकळायला लावतात असं नव्हे. विम्याच्या नियमात सफाई हा हिरड्यांच्या आजाराचा उपचार आहे. म्हणून आधी प्रत्येक दाताभोवती खुणा असलेली बारीक सळई घालून खोली मोजायची, आकडे नोंदवायचे, मग साफ करायचं, मग पुन्हा मोजायचं. तोंडाचे भाग पाडून वेगवेगळ्या दिवशी करतात. मोजताना मदतनीस आकडे मोठ्याने म्हणते: "नि, नि, सान". दोन, दोन, तीन मिमी. तीनपर्यंत ठीक. "शि" किंवा "योन" आणि "गो" जास्त ऐकू आले तर चार-पाच मिमीचे कप्पे झालेत. जपानी येत नसली तरी आपल्या हिरड्यांचा अहवाल खुर्चीत पडल्या पडल्या कळतो.
रूट कॅनलही तसंच, आठवड्याला एक छोटी भेट, चारपाच आठवडे. मध्ये सोडून द्यायचं नाही.

पामबीच_रोड
मोबाइलवर भाषांतराचं ॲप असताना एवढं पाठांतर कशाला?

जपानीमास्तर
तोंडात आरसा आणि नळी असताना ॲपमध्ये बोलून दाखवा बघू. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क, मागे ड्रिलची घरघर. ॲप चालतं ते खुर्ची आडवी होण्याआधी आणि उभी झाल्यावर. म्हणून जे सांगायचं ते आधी, छापील. खुर्चीत तुमच्याकडे एकच भाषा उरते, डावा हात.

सुरू करण्याआधी डॉक्टर म्हणतात, "इताकात्तारा हिदारिते ओ आगेते कुदासाइ." दुखलं तर डावा हात वर करा. डावाच, कारण डॉक्टर आणि त्यांची हत्यारं सहसा उजव्या बाजूला असतात. उजवा हात उचललात तर ड्रिल धरलेल्या हाताला धक्का. दुखेपर्यंत थांबू नका, पाणी घशात जात असेल तरी हात वर करा. हात वर झाला की काम थांबतं.

बाकी ऐकायची वाक्यं थोडीच आहेत. "इसु ओ ताओशिमास": खुर्ची मागे जातेय. "मासुइ": भूल. "चिकुत्तो शिमास": टोचेल जरासं. "युसुइदे कुदासाइ": चूळ भरा. "कान्दे कुदासाइ": चावा. मग निळा-लाल कागद दातांत धरून "काचिकाचि" म्हणजे दात नुसते आपटायचे आणि "गिरिगिरि" म्हणजे डावी-उजवीकडे घासायचे. इथे लाजून हळू चावलं की कॅप उंच राहते आणि दोन दिवसांनी जबडा धरतो.

एक वाक्य ॲपमधून आलं तर घाबरू नका: "नस काढायची आहे". "शिन्केइ ओ तोरु" हा रूट कॅनलसाठी तिथला रोजचा शब्दप्रयोग. दात उपटणं वेगळं, त्याला "बाश्शि" किंवा "नुकु". दाढ काढू नका हे ठामपणे सांगायचं तर "नुकानाइदे कुदासाइ".

पामबीच_रोड
आणि दुखणं कसं सांगायचं? मराठीत ठणका वेगळा, कळ वेगळी, शिवशिवणं वेगळं. ॲप सगळ्याचं "दुखतं" करून टाकतं.

जपानीमास्तर
नेमका प्रश्न! आणि इथे जपानी आपल्या जवळची भाषा आहे. आपल्यासारखेच नादानुकारी शब्द.
ठणकतंय: "झुकिझुकि" (झ "झाडा"तला). गार पाण्याने शिवशिवतं: "शिमिरु". दात हलतो: "गुरागुरा". सूज आहे: "हारेते इमास". चावलं की दुखतं: "कामु तो इताइ". भरलेलं सिमेंट पडलं: "त्सुमेमोनो गा तोरेमाशिता". कॅप निघाली: "काबुसेमोनो गा तोरेमाशिता".
ॲपच वापरायचं तर मराठीतून सरळ जपानीत जाऊ नका, साध्या इंग्रजीतून जा. "दात आंबले" ॲपला दिलंत तर लोणच्याच्या बरणीपर्यंत पोचाल. एका वाक्यात एकच गोष्ट: कुठे, केव्हापासून, गरम की गार, आपोआप की चावल्यावर. रात्री झोपेतून उठवणारा ठणका असेल तर तो वेगळ्या ओळीत लिहा, डॉक्टर तीच ओळ आधी शोधतात.

नौपाडा_दंतवैद्य
औषधांबद्दल कुणी बोललं नाही अजून. आपल्या ब्रँडची नावं तिथे निरुपयोगी. डोलो, क्रोसिन लिहू नका. पॅरासिटामॉल हे नावही तिथे चालत नाही, "असेटामिनोफेन" लिहा. इकोस्प्रिन ७५ म्हणजे ॲस्पिरिन ७५ मिग्रॅ. ऑगमेंटिन ६२५ म्हणजे अमॉक्सिसिलिन ५०० अधिक क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड १२५.
तीन गोष्टी कागदाच्या माथ्यावर, लाल अक्षरांत: पेनिसिलिनची ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि हाडांच्या ठिसूळपणाची आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन. शेवटचं लोक हमखास विसरतात, "ते दाताचं नाही ना" म्हणून. ही औषधं चालू असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. आईवडील तिकडे राहायला येणार असतील तर त्यांच्या कागदावर हे आधी तपासा.

कासाईकर
गोळ्या बऱ्याचदा दवाखान्यात मिळत नाहीत, चिठ्ठी घेऊन बाहेरच्या "याक्क्योकु"त जायचं. ती चिठ्ठी दिल्या दिवसासकट चार दिवसच चालते.

घोडबंदरवासी
सगळ्यांचे मनापासून आभार. इम्प्लांटचं काय? आणि सुट्टीच्या दिवशी दुखलं तर?

नौपाडा_दंतवैद्य
इम्प्लांटचं कार्ड मिळवाच. कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर. खोक्यावरचा स्टिकर डॉक्टरांच्या फाइलीत चिकटवलेला असतो, त्याचा फोटो चालेल. कारण असं की वरच्या दाताचा स्क्रू ढिला झाला तर तो फिरवायला त्याच मापाची चावी लागते. षटकोनी चाव्या १.२०, १.२५, १.२७ मिमी अशा असतात, डोळ्यांना सारख्याच दिसतात. चुकीची घातली तर स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग दोन मिनिटांच्या कामाचा डोंगर. दुसऱ्याने बसवलेल्या इम्प्लांटला हात लावायला पुष्कळ डॉक्टर तयार नसतात, तिथेही आणि इथेही. निघण्याआधी स्क्रू किती टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) घट्ट केलाय ते तपासून लिहून घ्या. दात स्क्रूने बसवलाय की सिमेंटने, तेही.

कासाईकर
सुट्ट्या: वर्षअखेर ते ३ जानेवारी, एप्रिल अखेरचा-मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन. या काळात गल्लीतले दवाखाने बंद. एरवीही आठवड्यात मधलाच एखादा वार, बरेचदा गुरुवार, बंद असतो आणि शनिवार चालू. सुट्टीसाठी "क्युजित्सु शिका" असतं. तुमच्या पालिकेत ते कुठे आहे ते पत्ता नोंदवायला जाल तेव्हाच विचारून ठेवा. तिथे दुखणं थांबवतात, पुढचं काम आपल्या नेहमीच्या दवाखान्यात.
मोठ्या रुग्णालयात सरळ जाऊ नका. दुसऱ्या डॉक्टरांच्या शिफारशीच्या चिठ्ठीशिवाय गेलात तर पहिल्या भेटीला दंतविभागात किमान ५००० येन जास्तीचे, विम्याबाहेर. आडवी अक्कलदाढ वगैरे असेल तर गल्लीतले डॉक्टर ती चिठ्ठी, "शोकाइजो", देतात, ते घेऊन जा.

नौपाडा_दंतवैद्य
याला अपवाद: गालाची सूज गळ्याकडे उतरतेय, तोंड दोन बोटंही उघडत नाही, गिळता येत नाही, ताप आहे. अशा वेळी चिठ्ठी, विमा, भाषा काही बघायचं नाही, ॲम्ब्युलन्ससाठी ११९ फिरवायचा.

म्युनिकहून_कोपरी
जर्मनीला जाणारं कुणी हा धागा वाचत असेल तर दोन ओळी. दातांचे नंबर आपल्यासारखेच, "फिअर झेक्स" म्हणजे ४६. कॅपच्या आधी "हाइल उंड कोस्टेनप्लान" नावाचा खर्चाचा आराखडा विम्याकडून मंजूर करून घ्यायचा, मगच काम. सरकारी विमा ठरावीक साध्या उपचाराच्या खर्चाचे ६० टक्के देतो. सलग पाच वर्षं वार्षिक तपासणीच्या नोंदी असतील तर ७०, दहा वर्षं असतील तर ७५. म्हणून पहिल्या वर्षापासून नोंद करून घ्या. आणि १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघात चांदी भरणं, म्हणजे अमलगम, जवळपास बंद आहे.

घोडबंदरवासी
शेवटचं. ठाण्यात बसवलेली कॅप तिथे रविवारी रात्री हातात आली तर सोमवारपर्यंत काय करायचं?

नौपाडा_दंतवैद्य
धुवा, छोट्या डबीत ठेवा, टिश्यूत गुंडाळू नका, कचऱ्यात जाते. फेविक्विक चुकूनही नाही. कॅप पुन्हा बसण्याजोगी असते, गोंद लागला की राहत नाही. बाहेर जायचंच असेल तर कवळीची चिकट पेस्ट आत थेंबभर लावून बसवता येते, पण जेवताना आणि झोपताना काढून ठेवायची, नाहीतर गिळाल. त्या बाजूने चावू नका, गार पाणी टाळा. सोमवारी डबी काउंटरवर ठेवा आणि मास्तरांनी वर दिलेलं वाक्य म्हणा. रूट कॅनलची दाढ असल्याने दुखणार नाही, म्हणून आठवडाभर ढकलू नका. उघडी दाढ उभी चिरते आणि मग कॅप परत बसवायला खाली काही उरत नाही.

जपानीमास्तर
आणि डबी देताना दोन्ही हातांनी द्या.